कुंपणाआडचे पंतोजी

आयर्लंडची आणि आपली ओळख झाली ती स्वराज्याच्या निमित्ताने. टिळकांनी बेळगावला होमरूल लीग काढली ती एप्रिल १९१६ मध्ये, आणि ‘होमरूल’ हा शब्द मुळी आयरिश चळवळीतूनच उचललेला. योगायोग असा, की त्याच आठवड्यात तिकडे डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव चालू होता. त्या उठावाचा म्होरक्या पॅट्रिक पिअर्स हा पेशाने शाळामास्तर. इंग्रजांनी त्याला गोळी घातली तेव्हा तो अवघा ३६ वर्षांचा होता. आपल्या देशात चाललेल्या शिक्षणपद्धतीला त्याने एक नाव ठेवले होते: खुनी यंत्र.

मास्तरानेच शाळेला खुनी म्हणावे, याचे मला फार वर्षे कुतूहल होते. संपादकांनी दिवाळीसाठी या सदराला नेहमीपेक्षा ऐसपैस जागा दिली आहे, तेव्हा चकली-चिवड्याबरोबर आयर्लंडमधल्या खेड्यातली प्राथमिक शाळा वाचकांपुढे ठेवावी म्हणते. मी आयर्लंड पाहिलेले नाही. पण मराठीच्या मास्तरणीला ही गोष्ट परकी वाटत नाही, हे वाचता वाचता वाचकांच्याही ध्यानात येईल.

आरंभ कुंपणापासूनच करायला हवा. १६९५ साली एक कायदा झाला. कॅथलिक माणसाने शाळा चालवायची नाही, आणि शिक्षणासाठी मुलांना परदेशीही धाडायचे नाही. देशात बहुसंख्य कॅथलिक; म्हणजे बहुसंख्यांनी शिकायचेच नाही, असा त्याचा सरळ अर्थ. शिकवणाऱ्याला शिक्षा, आणि त्याला घरात थारा देणाऱ्यालाही धोका. मग पंतोजी शेताच्या बांधावर, काटेरी झुडपांच्या कुंपणाआड बसू लागले. एका पोराला वाटेवर पहारा करायला ठेवायचे. अनोळखी माणूस दिसला की शाळा पांगायची. या शाळांना नावच ‘कुंपणशाळा’ पडले. पुढे १७८२ मध्ये कायद्याचा फास सैल झाला, शाळा गोठ्यात, कोठारात, मातीच्या झोपडीत गेल्या, तरी लोक त्यांना कुंपणशाळाच म्हणत राहिले.

या पंतोजींची मिळकत काय? दर तिमाहीला पोरामागे काही पेनी, आणि ज्यांच्याकडे तेवढेही नसेल त्यांच्याकडून लोणी, अंडी किंवा पीट. पीट म्हणजे दलदलीतून खणून काढलेल्या, वाळवलेल्या मातीच्या विटा. तिकडे लाकूड दुर्मिळ, म्हणून चूल यांच्यावरच चाले. आपल्याकडच्या गोवऱ्यांसारखाच प्रकार. आपल्या गावठी शाळेतल्या पंतोजींना शिधा मिळे, तसेच हे. शिकवणे म्हणजे वाचन, लेखन आणि हिशेब. पण एखादा पंतोजी खरोखरच विद्वान निघाला तर अनवाणी पोरे लॅटिन आणि ग्रीकही घोकत. क्रमिक पुस्तक असे काही नव्हतेच. ज्याच्या घरी जे असेल ते त्याने आणायचे, आणि खेड्यातल्या घरात असायचे ते फेरीवाल्याकडून घेतलेले स्वस्त चोपडे. त्यामुळे पुष्कळ मुलांनी अक्षरे गिरवली ती आयरिश दरोडेखोरांच्या पराक्रमकथांवर. पुढे सरकारी चौकशी समितीने या पुस्तकांची यादी केली तेव्हा सभ्य गृहस्थांच्या भुवया चांगल्याच उंचावल्या. मला मात्र वाटते, वाचायला शिकण्यासाठी दरोडेखोराच्या गोष्टीइतके उत्तम पुस्तक मिळणे कठीण.

विल्यम कार्लटन नावाचा लेखक (जन्म १७९४) अशाच शाळांत शिकला, आणि १८३० साली त्याने कुंपणशाळेवर एक लांबलचक कथा लिहिली. तिच्यात एका गावाला पंतोजी मिळत नाही. दुसऱ्या गावात एक आहे. मग गावातले तरुण काय करतात? त्याला दारू पाजतात आणि रातोरात उचलून आणतात! कार्लटनने पंतोजींची रेवडीही भरपूर उडवली आहे: त्यांचे अवडंबर, त्यांची दारू, त्यांची छडी. पण ज्या गावाला मास्तर पळवून आणावासा वाटतो, त्या गावाची विद्येची भूक काय असेल ते पाहा. १८२० नंतरच्या दशकात सरकारने मोजदाद केली, तेव्हा देशात ११,००० वर शाळा आढळल्या. त्यांतल्या बहुतेक लोकांनीच पदरचे पैसे देऊन चालवलेल्या होत्या. ना सरकारचा छदाम, ना इमारत.

मग सरकार जागे झाले. ऑक्टोबर १८३१ मध्ये एडवर्ड स्टॅन्ले या अधिकाऱ्याने एक पत्र लिहिले, आणि त्या पत्रावर अख्ख्या देशाची शिक्षणव्यवस्था उभी राहिली. गावाने जागा पाहायची आणि बांधकामाच्या खर्चाचा निदान तिसरा हिस्सा उचलायचा. बाकी पैसा, मास्तराचा पगार, पुस्तके आणि तपासनीस सरकारचे. सगळ्या पंथांची मुले एका बाकावर बसतील, धर्माचा तास तेवढा वेगळा, असा मूळ बेत होता. बेत चांगला होता, पण टिकला नाही. शाळेचा व्यवस्थापक म्हणून गावचा पाद्री बसला आणि पन्नास वर्षांच्या आत ज्याची त्याची शाळा ज्याच्या त्याच्या चर्चची झाली. या शाळांना नाव मिळाले ‘नॅशनल स्कूल’. आपल्याकडे विजापूरकरांनी राष्ट्रीय शाळा काढली ती सरकारच्या डोळ्यांत खुपली. तिकडे सरकारनेच काढली आणि तिला राष्ट्रीय म्हटले. शब्दांचीही काय गंमत असते!

ती इमारत आजही खेडोपाडी ओळखू येते. लांबट, दगडी, बाजूच्या भिंतीवर नाव आणि सन कोरलेली शिळा. पुष्कळ ठिकाणी मुलांना एक दार आणि मुलींना दुसरे. खिडक्या मुद्दाम उंच; उजेड आत यावा, पण पोरांची नजर बाहेर जाऊ नये.

नजर अडवली तशी जीभही अडवली. शाळेची भाषा इंग्रजी. पश्चिमेकडच्या खेड्यांतली मुले घरी फक्त आयरिश बोलत. त्यांना समोरच्या पुस्तकातला शब्द कळत नसे आणि कित्येकदा मास्तरालाही त्यांचा शब्द कळत नसे. आयरिश भाषा अभ्यासक्रमात नव्हतीच. घरी एक नाव आणि हजेरीपटावर दुसरे, इंग्रजी वळणाचे. पुस्तके इतकी बेतशीर, की ती इंग्लंडात, कॅनडात, ऑस्ट्रेलियातही खपली. कारण ती आयर्लंडची म्हणून ओळखू येतील असे त्यांत फारसे काही नव्हते.

पण सगळा दोष सरकारच्या माथी मारून मोकळे होता येत नाही, आणि मला या इतिहासात खरी कळ लागते ती इथे. ऑस्कर वाइल्डचे वडील विल्यम वाइल्ड हे डॉक्टर होते आणि लोककथांचे वेडे होते. १८५२ साली छापलेल्या त्यांच्या पुस्तकात पश्चिमेकडच्या एका झोपडीतला प्रसंग आहे. पाहुण्यांसमोर एक आठ वर्षांचा पोरगा बहिणीशी आयरिशमध्ये काहीतरी बोलला. बापाने त्याला जवळ बोलावले. तोंडाने एक अक्षर काढले नाही. पोराच्या गळ्यात दोरीने एक काठीचा तुकडा अडकवलेला होता. तो कपड्यांतून बाहेर ओढून त्याने चाकूने त्यावर आणखी एक खाच पाडली. चौकशी केली तेव्हा कळले, पोराने आयरिश बोलू नये म्हणून ही तजवीज. ठराविक खाचा भरल्या की शाळेत मास्तर त्याचा हिशेब चुकता करणार.

खाच पाडणारा हात बापाचा आहे, हे विसरता येत नाही. तो बाप काही भाषेचा वैरी नव्हता. त्याला स्वतःला दुसरी भाषा धड येतही नसेल. पण १८४५ पासून बटाट्याचे पीक सडले होते. दुष्काळात आणि त्यामागून आलेल्या तापात दहा लाखांच्या आसपास माणसे मेली, तितकीच बोटीत बसून निघून गेली. १८४१ मध्ये देशाची वस्ती ८१ लाखांवर होती, ती दहा वर्षांत ६५ लाखांवर आली. ज्या मुलाला उद्या बॉस्टनच्या किंवा लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरायचे आहे, त्याला आयरिशचा काय उपयोग, असे बापाने म्हटले तर त्याला कोणत्या तोंडाने दोष द्यायचा? आपल्या पोराने आपल्यासारखे अडाणी राहू नये म्हणून त्याने आपलीच भाषा त्याच्या गळ्याशी मोजायला घेतली.

हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायला हवा. १८४१ मध्ये पाच वर्षांवरच्या लोकांपैकी निम्म्याहून अधिक निरक्षर होते. १९०१ पर्यंत ते प्रमाण १४ टक्क्यांवर आले. हे श्रेय या दगडी शाळेचे. आणि १८५१ च्या शिरगणतीत आयरिश बोलणारे सुमारे १५ लाख होते ते १८९१ मध्ये सात लाखांच्या आत आले. यात दुष्काळ आहे, स्थलांतर आहे, आणि शाळाही आहे. कोणता वाटा कुणाचा, हे काठीवरच्या खाचांसारखे मोजून दाखवता येत नाही.

१८७२ पासून आणखी एक अवलक्षण सुरू झाले: निकालावर पगार. वर्षातून एकदा तपासनीस यायचा, एकेका मुलाला वाचायला लावायचा, गणित घालायचा, आणि किती मुले किती विषयांत पास झाली त्यावर मास्तराच्या पगाराचा एक भाग ठरायचा. आपल्याकडे ‘दिपोटी’ येणार म्हटले की गावठी मास्तराच्या पोटात गोळा उठे; तिकडच्या मास्तराचा तर घासच त्याच्या हाती. मग धडे समजले नाहीत तरी चालतील, पाठ झाले पाहिजेत, असे ठरून गेले. हाच प्रयोग साम्राज्यात इतरत्रही चालला होता, आणि मुंबई इलाख्यातही अनुदानाला हीच पद्धत लावलेली होती. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन केले, त्यात त्यांनी तिच्यातले नेमके वर्म सांगितले आहे. ज्या लोकांत शिक्षणाची गोडी अजून लागायची आहे त्यांच्यात ही पद्धत चालणार नाही. अशा वस्तीत कोणता मास्तर आपल्या जिवावर शाळा काढील? त्याचे पोटच भरायचे नाही. आयर्लंडमध्ये ही रीत १९०० च्या सुमारास मोडीत निघाली. जोतीरावांना हे अठरा वर्षे आधी दिसले होते, एवढे नमूद करून पुढे जाते.

नैर्ऋत्येच्या टोकाला, केरी परगण्यासमोर, समुद्रात ग्रेट ब्लास्केट नावाचे बेट आहे. वस्ती भरात असताना सुद्धा पावणेदोनशेच्या आसपास. तिथे १८६४ मध्ये सरकारी शाळा निघाली आणि बेटावरचा टोमास ओ क्रिहन नावाचा मुलगा तिच्यात जाऊ लागला. बेटावर आयरिशखेरीज दुसरी भाषा नाही. शाळेत इंग्रजीखेरीज दुसरे पुस्तक नाही. टोमास इंग्रजी वाचायला शिकला. स्वतःची भाषा, जी तो उठल्यापासून झोपेपर्यंत बोलत होता, ती वाचायला आणि लिहायला मात्र मोठेपणी, शाळेबाहेर, आपल्या हिकमतीने शिकला. मासेमारी आणि पीट खणणे हा त्याचा धंदा. १९२९ मध्ये त्याचे आत्मचरित्र आयरिशमध्ये प्रसिद्ध झाले, आणि आज त्या भाषेतल्या गद्याचा विषय त्याच्याशिवाय निघत नाही.

त्याच बेटावर लग्न होऊन आलेली पेग सेयर्स. तिची कहाणी तर आपल्याला अगदी घरची वाटेल. तिला शेकडो गोष्टी तोंडपाठ, सांगण्याची हातोटी अशी की दूरदूरचे पंडित बोटीने येऊन तिच्या चुलीपाशी बसत. पण तिचेही शालेय शिक्षण इंग्रजीतले, आयरिश लिहिता येत नसे. तिने सांगितले आणि मुलाने लिहून घेतले. १९३६ मध्ये पुस्तक निघाले. बहिणाबाईंची गाणी सोपानदेवांनी उतरवून घेतली नसती तर आपल्याकडे आज काय उरले असते? फरक इतकाच, की पेगचे पुस्तक पुढे शाळांत सक्तीचे झाले, आणि परीक्षेसाठी तिचे दुःखाचे प्रसंग पाठ करून करून पोरांच्या दोन पिढ्यांनी त्या बिचारीच्या नावाने बोटे मोडली. सक्तीचे पाठ्यपुस्तक कोणत्याही साध्वीचा असा निकाल लावू शकते, हे मी व्यवसायाच्या अनुभवाने सांगते.

बेटावरची शाळा १९४१ मध्ये बंद पडली, आणि १९५३ मध्ये सरकारने उरलेली दोन डझन माणसेही मुख्य भूमीवर आणली. शाळा आधी गेली, गाव मागून गेले.

१९२२ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि नव्या सरकारने त्याच दगडी शाळेला उलटे काम सांगितले. सेंट पॅट्रिकच्या दिवसापासून, म्हणजे १७ मार्चपासून, दररोज निदान एक तास आयरिश. अगदी लहान मुलांचे तर सगळे शिक्षण आयरिशमधूनच. अडचण अशी, की पुष्कळ मास्तरांना आयरिश येत नव्हती. सुट्टीत त्यांच्यासाठी वर्ग भरले. चाळिशी-पन्नाशीचे मास्तर बाकांवर बसून धुळाक्षरे गिरवू लागले. पण मुलाच्या घरी इंग्रजी आणि शाळेत आयरिश, ही जुन्या दुखण्याचीच उलटी बाजू होती. १९४१ मध्ये शिक्षकांच्या संघटनेने चौकशी करून स्पष्ट सांगितले, की घरी इंग्रजी बोलणाऱ्या बालकांना आयरिशमधून शिकवून त्यांचे नुकसानच होते. सरकारला हे ऐकून आनंद झाला नाही.

त्याच स्वतंत्र सरकारने आणखी एक शहाणपण केले. जुलै १९३३ नंतर पात्र झालेल्या शिक्षिकेने लग्न केले की नोकरी सोडायची. गावच्या शाळेत मुलींना शिकवणारी बाई उत्तम शिकवत असो नाहीतर वाईट, गळ्यात मंगळसूत्र पडले की बाहेर (तिकडे अंगठी म्हणावे लागेल). हा नियम १९५८ मध्ये उठला. तोही कुणाला उपरती झाली म्हणून नव्हे; शिक्षकच पुरेनात, म्हणून.

पण याच काळात त्या शाळेच्या हातून एक मोठे काम झाले. १९३७ ते १९३९ या काळात लोकवाङ्मय मंडळाने सरकारच्या आणि शिक्षक संघटनेच्या मदतीने वरच्या वर्गांतल्या मुलांना एक काम लावले. आठवड्याचा निबंध बंद. त्याऐवजी घरी जायचे, आजीआजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारायचे आणि ऐकलेले वहीत उतरवायचे. विषय नेमून दिलेले, पन्नासाहून अधिक: पुरलेले धन, लोणी घुसळणे, पावसाची चिन्हे, झाडपाल्याची औषधे, दुष्काळाच्या आठवणी, आणि ‘जुन्या शाळा’. सुमारे ५,००० शाळांतल्या ५०,००० मुलांनी हे केले. सात लाखांहून अधिक पाने भरली. खाली मुलाचे नाव, सांगणाऱ्याचे नाव, त्याचे वय. ही पाने जपून ठेवलेली आहेत, आणि आता संगणकावर कुणालाही वाचता येतात.

म्हणजे पाहा, ज्या शाळेने आजोबांच्या तोंडातला शब्द मोजून शिक्षा केली, त्याच शाळेतला नातू वही घेऊन आजोबांपुढे बसला. म्हातारे कुंपणाआडच्या पंतोजींविषयी ऐकलेले सांगू लागले, आणि काठीवरच्या खाचांविषयीही. पोरांनी ते सुवाच्य अक्षरात लिहून घेतले.

हे वाचून माझ्याही अंगात वारे शिरले. साने गुरुजींनी खेडोपाडी हिंडून ओव्या जमवल्या त्याला किती वर्षे झाली, असे म्हणत मी प्रथम वर्षाच्या वर्गाला सांगितले, दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईकडून एक ओवी लिहून आणा. पुष्कळांनी चित्रपटातली गाणी आणली. काहींनी खरोखरच सुरेख आणल्या. एका मुलीच्या कागदावर ओवी नव्हती, दोनच ओळी होत्या: आजी म्हणते, जात्यावर बसले तर आठवेल, आणि जाते घरात नाही. त्या कागदाला मी किती गुण द्यावेत, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

असो. पुढचा भाग थोडक्यात. १९६० नंतर सरकारने हिशेब केला, की एक-दोन मास्तरांच्या शाळा परवडत नाहीत आणि त्यांत मुलांचेही भले नाही. जॉर्ज कॉली या मंत्र्याच्या काळात त्या मिटवून मोठ्या शाळांत मिळवायचे धोरण आले. गावोगाव भांडणे झाली. एरवी शाळेच्या गळक्या छपराकडे ढुंकून न पाहणारे लोक शाळा जाणार म्हणताच जागे झाले. शाळेत नेणाऱ्या मोटारी सुरू झाल्या. पीटची वीट काखेत मारून शाळेत येणारी, आणि ती जिच्यात जळे त्या शेगडीची ऊब बहुतेक मास्तरांच्या पाठीलाच लाभताना पाहणारी मुले आता आठवणींच्या पुस्तकांत उरली. छडीवर १९८२ मध्ये बंदी आली. पाद्री मात्र आहे तिथे आहे. बहुतेक प्राथमिक शाळा आजही कॅथलिक चर्चच्या छायेतच आहेत.

आणि भाषा? २०२२ च्या शिरगणतीत साडेअठरा लाखांहून अधिक लोकांनी आपल्याला आयरिश येते असे लिहिले. शाळेबाहेर रोज बोलतो असे म्हणणारे ७१,९६८. इतकी वर्षे शिकून बहुतेकांना पुरते आठवते ते एकच वाक्य, असा तिकडे विनोद आहे: ‘बाई, मी बाहेर जाऊ का?’ पण दुसरीकडे शहरांतून, आईबापांच्या आग्रहाने, संपूर्ण आयरिश माध्यमाच्या शाळा निघाल्या आहेत. तिथे घातलेल्या मुलांच्या कित्येक आईबापांना स्वतःला ती भाषा येत नाही. मुलाचा गृहपाठ घेता घेता तेही शिकतात.

जुन्या हजेरीपटांना हल्ली गिऱ्हाईक आले आहे. अमेरिकेतून, ऑस्ट्रेलियातून नातवंडे-पणतवंडे येतात आणि आपल्या पूर्वजाचे नाव शोधतात. एकोणिसाव्या शतकातल्या पानांवर ते झटकन सापडते, कारण ‘सलिव्हन’ इंग्रजीत लिहिलेले असते. १९२२ नंतरच्या पानांवर कित्येक मास्तरांनी तेच आडनाव मूळच्या रूपात, ‘ओ सूलिवान’ असे लिहिलेले असते, आणि मग पाहुणे आपल्याच नावावरून बोट फिरवीत पुढे जातात.